चाकाच्या लॉक बोल्टची चावी नाही: अलॉयला (मिश्रधातूच्या चाकाला) इजा न करता बोल्ट कसे काढावेत?

घाटवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी कोथरूडमधील एका गृहस्थांकडून वापरलेली फोक्सवॅगन पोलो विकत घेतली. गाडी २०१४ सालची, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आणि माझ्या आधी दोन मालकांच्या हातून गेलेली आहे. व्यवहार करताना इंजिन, क्लच, सर्व्हिसच्या नोंदी आणि विम्याचे कागद मी बारकाईने पाहिले. चाकांकडे मात्र टायरची नक्षी किती उरली आहे, एवढ्यापुरतेच लक्ष दिले. प्रत्येक चाकाच्या पाच बोल्टांपैकी एक बोल्ट वेगळा, खास चावीनेच निघणारा लॉक बोल्ट आहे, त्याला सहा पैलूंचे डोके नसून गोल डोक्याच्या कडेला फुलाच्या पाकळ्यांसारखे कंगोरे आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

ते ध्यानात आले गेल्या रविवारी. आईवडिलांना घेऊन ताम्हिणीकडे निघालो असताना मुळशीच्या पुढे मागच्या डाव्या चाकातली हवा गेली. भर पावसात स्टेपनी उतरवली, चार बोल्ट ढिले केले आणि पाचव्यापाशी अडकलो. टूलकिटमधला पाना त्या डोक्यावर बसेना. शेवटी पौडहून एका पंक्चरवाल्याला बोलावले. टायर ट्यूबलेस असल्यामुळे त्याने चाक न काढता बाहेरूनच छिद्रात पट्टी भरली, मी चारही बोल्ट पुन्हा आवळले आणि पुढे न जाता घरी परतलो. स्टेपनी असून नसल्यासारखी असताना घाटात उतरण्याचे धाडस मला झाले नाही.

आता चारही टायर बदलण्याची वेळ आली आहे. एका टायरच्या दुकानात गेलो, तर तेथील कारागिराने डाव्या मागच्या बोल्टवर मला न विचारता छिन्नीचे चार घाव घातले. बोल्ट हलला नाही, उलट दोन कंगोरे चेपले. मी त्याला थांबवल्यावर “काम होईल, पण अलॉयला लागले तर आमची जबाबदारी नाही” असे उत्तर मिळाले. आधीच्या मालकांना दूरध्वनी केला. त्यांनाही अशी काही चावी असल्याचे माहीत नव्हते.

माझे प्रश्न असे: चावी नसताना हे बोल्ट काढण्याच्या पद्धती कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने करून पाहाव्यात? वेल्डिंग करून बोल्ट काढतात असे ऐकले, ते अलॉयसाठी सुरक्षित आहे का? आणि ड्रिलने बोल्ट पोखरावा लागला, तर आतल्या हबचे (चाक ज्यावर बसते त्या भागाचे) आटे खराब होतात का? चाके कारखान्याची मूळ आहेत आणि मला ती वाचवायची आहेत.

चाकोरी

घाटवाट, हातोडा उचलण्याआधी चावी खरोखरच गाडीत नाही याची पूर्ण खात्री करून घ्या. ही चावी म्हणजे आगपेटीपेक्षाही लहान असा लोखंडी तुकडा असतो. एका बाजूला बोल्टच्या नक्षीचे उलटे रूप आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचा पाना बसेल असे सहा पैलू. चावी म्हटल्यावर लोक किल्लीसारखी वस्तू शोधतात आणि हा तुकडा हातात येऊनही तो जॅकचा एखादा सुटा भाग समजून बाजूला ठेवतात. स्टेपनी पूर्ण बाहेर काढून तिच्या खालच्या खोलगट जागेत पाहा, जॅक ज्या फोममध्ये बसतो तो फोम उचलून पाहा, डिकीच्या दोन्ही बाजूंचे कप्पे, ग्लोव्ह बॉक्स, पुढच्या सीटखालची जागा आणि गाडीच्या पुस्तिकेची पिशवी तपासा. पिशवीत एखादे छोटे कार्ड किंवा चिकटपट्टी मिळाली आणि त्यावर क्रमांक किंवा अक्षर असेल तर ते जपून ठेवा, कारण बहुतेक कंपन्या त्या क्रमांकावरून नवी चावी देतात.

हरवलेल्या चाव्या बहुतेक वेळा कोठे असतात, हेही सांगतो. टायर बदलताना किंवा व्हील बॅलन्सिंग करताना कारागीर ती चावी एअर गनच्या (हवेच्या दाबाने बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राच्या) गोटीत, म्हणजे सॉकेटमध्ये बसवतो, काम झाले की गन खुंटीला लावतो आणि चावी गोटीतच राहते. म्हणून आधीच्या मालकांना “चावी आहे का” असे विचारण्याऐवजी “शेवटचे टायर किंवा बॅलन्सिंगचे काम कोठे केले होते” असे विचारा आणि त्या दुकानात स्वतः जाऊन त्यांचा सुट्या सामानाचा डबा पाहू द्या अशी विनंती करा. माझ्या भावाच्या गाडीची चावी अशीच एका दुकानात पाच महिन्यांनी मिळाली.

ती मिळाली नाही तर पुढची पायरी अधिकृत वर्कशॉपची. गाडीसोबत आलेले लॉक असतील, तर कंपनी ठरावीक संख्येच्याच नक्ष्या वापरते आणि त्या सर्व नक्ष्यांच्या चाव्यांचा संच वर्कशॉपमध्ये ठेवलेला असतो. एकेक चावी लावून बघून जुळणारी सापडली की बोल्टही निघतात आणि त्याच क्रमांकाची चावी मागवताही येते. जाताना आरसी सोबत न्या. गाडी आपलीच असल्याचा पुरावा त्यांनी मागणे योग्यच आहे, कारण हे लॉक मुळात चाकांची चोरी टाळण्यासाठी आहेत. लॉक बाहेरून घेऊन बसवलेले असतील, तर मात्र या संचातील चावी जुळणार नाही.

लोहकाम

भोसरीत टूलरूममध्ये माझी तेवीस वर्षे गेली आहेत. अडकलेले, तुटलेले आणि डोके उडालेले बोल्ट काढणे हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग असल्यामुळे सविस्तर लिहितो.

प्रथम या बोल्टकडे धातूच्या नजरेने पाहू. लॉक बोल्टचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो, त्यामुळे साध्या ड्रिलचे टोक त्यावर घसरते आणि छिन्नी उडते. आतला गाभा मात्र तुलनेने चिवट असतो. लॉकचे सामर्थ्य एवढेच की त्याला पकडायला नेहमीच्या पान्याला जागा मिळत नाही. आटे साधेच असतात, बोल्ट उलट्या दिशेने फिरवला की साधाच निघतो. तेव्हा सगळा प्रश्न डोक्यावर पकड मिळवण्याचा आहे आणि छिन्नीने कंगोरे चेपणे म्हणजे उरलीसुरली पकड घालवणे होय. कृपया यापुढे कोणालाही त्यावर छिन्नी चालवू देऊ नका.

दुसरी गोष्ट आवळण्याच्या जोराची. पोलोच्या चाकाच्या बोल्टसाठी १२० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, सांगितलेला आहे. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण २४ ते २५ किलोचा भार दिला की तेवढा टॉर्क मिळतो. आता ७० किलो वजनाचा माणूस त्याच दांड्यावर उभा राहिला, तर बोल्टवर ३४० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट जोर पडतो. आपल्याकडे पान्यावर उभे राहून बोल्ट आवळण्याची किंवा एअर गन थांबेपर्यंत दाबून धरण्याची जी सवय आहे, तिच्यामुळेच लॉक बोल्ट अडकतात आणि पातळ कंगोऱ्यांच्या चाव्या तडकतात.

आता क्रम. वर्कशॉपमध्ये चावी जुळली नाही, तर सर्वांत आधी उलट्या पिळाची गोटी वापरून पाहावी. बाहेरून ती साध्या गोटीसारखी दिसते, पण तिच्या आत डाव्या पिळाच्या धारदार कडा असतात. बोल्टच्या डोक्यापेक्षा किंचित लहान मापाची गोटी निवडून ती हातोडीने ठोकून बसवायची आणि मग डावीकडे फिरवायची. बोल्ट जितका विरोध करतो तितक्या त्या कडा डोक्यात अधिक रुततात. अशा गोट्यांचे संच नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानांत मिळतात, परंतु चार बोल्टांसाठी अख्खा संच घेण्यापेक्षा तो ज्याच्याकडे आहे असा मेकॅनिक शोधणे शहाणपणाचे.

हा संच नसेल, तर जुनी युक्ती बारा पैलूंच्या गोटीची. सहा पैलूंची गोटी गोल डोक्यावर सहाच ठिकाणी चावते. बारा पैलूंची बारा ठिकाणी. डोक्याचा व्यास व्हर्नियरने मोजून त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर लहान गोटी घ्यावी. ही गोटी या कामात बळी जाणार हे धरून चालावे, म्हणून चांगल्या संचातली घेऊ नये. मात्र अगदी हलकी घेतली तर ती ठोकतानाच फाटते. बोल्ट निघाल्यावर तो गोटीत घट्ट अडकलेला असतो. गोटी व्हाइसमध्ये धरून मागच्या चौकोनी छिद्रातून पंच घालून ठोकले की तो सुटतो आणि तीच गोटी पुढच्या बोल्टला वापरता येते.

ठोकण्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण नुकसान येथेच होते. चाक जमिनीवर असावे, जॅकवर नव्हे. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि इतर चाकांना पुढूनमागून दगड लावलेले असावेत. बोल्ट ज्या खोलगट भोकात बसतो त्याच्या भिंतीला पातळ प्लास्टिकचा पत्रा गुंडाळून आत सरकवावा. पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडाही चालतो. त्याने अलॉयवर ओरखडे येत नाहीत. किलोभर वजनाच्या हातोड्याने नेमके, सरळ रेषेतले पाचसहा घाव घालावेत. हलक्या हातोडीने पन्नास वेळा ठोकण्यात अर्थ नाही आणि घणाने तर अजिबात ठोकू नये, कारण प्रत्येक घावाचा धक्का हबमधून व्हील बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्या मार्गावर खळगे पडले की बेअरिंग नंतर घरघरू लागते.

आणखी एक गोष्ट मी नेहमी करतो. लॉक बोल्टला हात लावण्यापूर्वी त्याच चाकाचे उरलेले चार बोल्ट ढिले न करता, उलट टॉर्क रेंचने (ठरावीक टॉर्क मोजून आवळणाऱ्या पान्याने) नीट आवळून घेतो. चाकाचा भार त्या चौघांनी उचलला की पाचव्यावरचा ताण किंचित कमी होतो आणि तो सुटायला सोपा जातो. आधी चारही बोल्ट काढून टाकले, तर सगळा ताण नेमका त्या अडेल बोल्टवर येतो. आपल्या रस्त्यावरच्या प्रसंगात तसेच झाले असणार.

फिरवताना लांब दांडा वापरावा, एका हाताने गोटी बोल्टवर सरळ दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने जोर हळूहळू वाढवत न्यावा. झटके दिले की गोटी तिरकी होऊन निसटते. पहिला “टक्क” असा आवाज आला की बोल्ट सुटला असे समजावे.

तिसरा_गिअर

वेल्डिंगविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा असाच एक बोल्ट अडकला होता. महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये बोल्टच्या डोक्यावर मोठा नट ठेवून तो आतून वेल्ड केला आणि नटाला पाना लावून बोल्ट काढला. बोल्ट एका मिनिटात निघाला, हे मान्य केले पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे मोकळे होतात आणि नटामुळे पकडही मिळते. लोखंडी चाकावर, कुशल वेल्डरच्या हातून ही पद्धत उत्तम आहे. परंतु माझी चाके अलॉयची होती. ठिणग्यांनी भोकाच्या कडेचा रंग आणि वरचा पारदर्शक थर जळाला, आणि आठवडाभरात डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला. चाकाचा सेन्सर बदलावा लागला. वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढलेली नव्हती आणि अर्थिंगची पकड गाडीच्या दुसऱ्याच टोकाला लावलेली होती. वीज हब आणि बेअरिंगमधून गेली, असे नंतर मला दुसऱ्या मेकॅनिकने समजावले.

दिसणारे नुकसान रंगाचे असते, पण न दिसणाऱ्याची मला अधिक काळजी वाटते. अॅल्युमिनियमच्या चाकांना कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून मजबुती दिलेली असते. त्याच धातूला एका जागी पुन्हा भरपूर तापवले, तर तेथील मजबुती कमी होते, आणि ती जागा नेमकी बोल्ट टेकतो ती, म्हणजे चाकाचा सगळा भार जेथून हबवर जातो ती असते. म्हणून अलॉयवर वेल्डिंग शेवटच्या क्रमांकावर ठेवा. करावेच लागले, तर बॅटरीची तार काढा, अर्थिंगची पकड त्याच बोल्टला किंवा त्याच हबला जवळ लावा, भोवती ओले गोणपाट ठेवा आणि एकाच छोट्या टाक्यात काम होईल असा वेल्डर निवडा. गॅसच्या ज्योतीने तापवणे तर कोणत्याही परिस्थितीत नको. त्याने टायरही धोक्यात येतो.

घाटवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. स्टेपनीची खोलगट जागा, फोम, सीटखालची जागा सर्व पाहिले, चावी नाही. पहिल्या मालकांशी संपर्क झाला. त्यांनी डेक्कनजवळच्या एका दुकानातून लॉक बाहेरून घेऊन बसवल्याचे सांगितले, म्हणजे वर्कशॉपमधला संच जुळण्याची शक्यता मावळली. तरीही काल वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. त्यांनी सगळ्या चाव्या लावून पाहिल्या, एकही बसली नाही.

लोहकाम यांना दोन शंका विचारतो. एक, चारही बोल्टांची नक्षी एकच असेल, तर तिचा ठसा घेऊन भोसरीत नवी चावी बनवता येणार नाही का? तसे झाले तर ठोकाठोकीच करावी लागणार नाही. दोन, बाहेरून घेतलेल्या या बोल्टांमुळे चाकाला आधीच काही अपाय झाला असेल का?

लोहकाम

ठशाची कल्पना चांगली आहे आणि ती अशक्यही नाही. बोल्टच्या तोंडावर ग्रीसचा पातळ हात फिरवून त्यावर एम-सील दाबले, ते कडक होऊ दिले आणि हलक्या हाताने ओढून काढले की नक्षीचा चांगला ठसा मिळतो. त्यावरून वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) चावी कापता येते. पण चावी साध्या लोखंडाची करून चालत नाही. १२० न्यूटन-मीटरला तिचे कंगोरे पिळवटतात. मिश्र पोलाद घ्यावे लागते, कापल्यानंतर ते कडक करावे लागते आणि एका नगासाठी हा सगळा खटाटोप चार नवे बोल्ट आणि एका तासाची मजुरी यांपेक्षा बराच महाग पडतो. लॉक पुढेही वापरायचेच असा आग्रह असता तर मी हा मार्ग सुचवला असता. शिवाय आपल्या एका बोल्टचे कंगोरे चेपलेले आहेत, त्याला नवी चावीही बसणार नाही. ठशाचा खरा उपयोग वेगळा आहे: लॉक कोणत्या कंपनीचा आहे हे माहीत असेल, तर ठशाचा किंवा समोरून सरळ काढलेल्या छायाचित्राचा आधार घेऊन विक्रेता नक्षीचा क्रमांक ओळखू शकतो.

दुसरी शंका अतिशय महत्त्वाची आहे आणि ती आपण विचारली याचे समाधान वाटले. बोल्टचे डोके चाकाला जेथे टेकते त्या बैठकीचे मुख्यतः दोन आकार असतात. आपल्या गाडीच्या मूळ चाकांची बैठक गोलाकार, चेंडूच्या पृष्ठभागासारखी असते. बाहेरून घेतलेल्या अलॉयच्या बोल्टांची बैठक बहुधा शंकूच्या आकाराची, ६० अंशांची असते. गोलाकार बैठकीत शंकूचा बोल्ट बसवला तर तो संपूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक कड्यावर टेकतो. टॉर्क रेंच १२० दाखवते, पण पकड खरी नसते. काही दिवसांनी कडे दबते, बोल्ट ढिला पडतो आणि भोक लांबट होऊ लागते. बोल्ट निघाल्यावर प्रथम त्याची बैठक पाहा आणि चाकातील पाचही भोके बोटाने चाचपून एकसारखी आहेत का ते तपासा. नवे बोल्ट घेताना १४ मिलिमीटर व्यास, १.५ मिलिमीटर अंतराचे आटे, गोलाकार बैठक आणि मूळ बोल्टइतकीच लांबी या चारही गोष्टी जुळवून घ्या. लांब बोल्ट आतल्या ब्रेकच्या भागांना घासू शकतो आणि आखूड बोल्टला पुरेसे आटे मिळत नाहीत.

चाकोरी

येथे इतर वाचकांसाठी एक भर घालतो, कारण सर्वांच्या गाड्या पोलो नसतात. मारुती, ह्युंदाई, टोयोटा, होंडा यांच्या बहुतेक गाड्यांना बोल्ट नसून हबमधून बाहेर आलेले स्टड आणि त्यांवर नट असतात. पकड मिळवण्याची रीत तीच, पण नट पोखरायची वेळ आली तर मधोमध स्टड असल्यामुळे ड्रिलने तोही खराब होतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. स्टड हबमधून मागे ठोकून काढता येतो आणि नवा बसवता येतो. नटाच्या बाबतीत आदल्या रात्री स्टडच्या उघड्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यास फायदा होतो. नवे नट बसवण्यापूर्वी मात्र ते तेल पूर्ण पुसून टाका. सांगितलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तेवढाच टॉर्क दिला, तर स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

काही लॉकना डोक्याभोवती सुटे फिरणारे कडे असते. त्यावर गोटी ठोकली तर कडेच गरगर फिरते आणि बोल्ट जागचा हलत नाही. ते कडे आधी कापून किंवा सोलून काढावे लागते. आपल्या बोल्टला असे कडे आहे का, ते ठोकण्यापूर्वी बोटाने फिरवून पाहा.

घाटवाट

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

कर्वेनगरमधील एका वयस्कर मिस्त्रींकडे उलट्या पिळाच्या गोट्यांचा संच असल्याचे कळले. त्यांनी आधी आरसी पाहिली, मग बोल्ट बोटाने फिरवून पाहिले. सुटे कडे नव्हते. लोहकाम यांनी सांगितल्याप्रमाणे मी बाटलीच्या प्लास्टिकचे तुकडे कापून नेले होते. ते पाहून मिस्त्रींनी स्वतःच्या कपाटातून त्याच कामासाठी ठेवलेली पितळी नळी काढली. उजव्या बाजूचे दोन आणि डावा पुढचा असे तीन बोल्ट वीस मिनिटांत निघाले. प्रत्येकाच्या वेळी तो “टक्क” आवाज अगदी स्पष्ट आला.

डावा मागचा, छिन्नीने चेपलेला बोल्ट मात्र गोटीला दाद देईना. गोटी दोनदा बसवली, दोन्ही वेळा डोक्यावरून कातरत फिरली. मग त्यांनी ड्रिलचा निर्णय घेतला. पंचने डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण केली, कडक झालेला वरचा थर कार्बाइडच्या टोकाने फोडला आणि नंतर कोबाल्टची ड्रिले पाच, आठ, दहा, बारा अशा क्रमाने, अगदी मंद गतीने, थेंबथेंब तेल सोडत चालवली. माझी सगळी भीती हबच्या आट्यांची होती. ती त्यांनी एका वाक्यात घालवली: “साहेब, आपण फक्त डोके पोखरतोय, डोक्याच्या उंचीपुरतेच, आटे फार आत आहेत.” ड्रिलवर त्यांनी तेवढ्याच उंचीवर चिकटपट्टीची खूण केली होती. शेवटी चौदाच्या ड्रिलने डोक्याचे कडे सुटून बाहेर आले. चाक गंजाने हबला चिकटले होते. टायरला आतल्या बाजूने रबरी हातोड्याने ठोकल्यावर ते सुटले. बाहेर राहिलेल्या बोल्टच्या खुंटावर डोक्याचा ताण उरलाच नव्हता, त्यामुळे तो ग्रिप पान्याने धरताच सहज फिरत निघाला. हबचे आटे शाबूत आहेत. या एका बोल्टला दीड तास लागला.

आता बैठकीविषयी. लोहकाम यांची शंका खरी ठरली. चारही लॉक शंकूच्या बैठकीचे होते. तीन चाकांच्या भोकांत फक्त पातळ चकाकते कडे उमटलेले दिसले, पण डाव्या मागच्या चाकाच्या भोकाची कड एका बाजूला दबलेली आहे. मिस्त्रींनी ते चाक स्टेपनीच्या जागी ठेवू नका, वापरातही आणू नका असे सांगितले. स्टेपनीचे लोखंडी चाक तेथे लावून गाडी घरी आणली आणि त्याच मापाचे एक मूळ अलॉय शोधतो आहे. सांगितलेल्या मापाचे गोलाकार बैठकीचे वीसच्या वीस नवे बोल्ट घेतले, ते ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे आधी, टॉर्क रेंचने १२० ला आवळले.

एक प्रश्न उरतो. माझी गाडी रात्री सोसायटीबाहेर रस्त्यावर उभी असते. लॉक पुन्हा बसवावेत का?

लोहकाम

डावे मागचे चाक बाजूला काढलेत हे फार योग्य केले. त्याची दुरुस्ती करून घेण्याच्या मोहात पडू नका. लोखंडी चाक लावले आहे तोवर त्याच्या बोल्टची बैठकही तपासून घ्या.

लॉकविषयी माझे मत असे की गाडी रस्त्यावर उभी राहते आणि अलॉय मूळचे आहेत, तेव्हा लॉक लावावेत. रात्री घाईत असलेल्या माणसाकडे दीड तास आणि कोबाल्टची ड्रिले नसतात. पण गोलाकार बैठकीचे, क्रमांकाचे कार्ड असलेले आणि सोबत दोन चाव्या मिळणारे लॉक घ्या. एक चावी स्टेपनीच्या जागेत, दुसरी घरी. कार्डाचे छायाचित्र दूरध्वनीत ठेवा. टायरच्या दुकानात गेलात की चावी स्वतः हातात द्या, ती एअर गनला लावू देऊ नका, लॉक बोल्ट हातानेच शेवटी आवळायला सांगा आणि गाडी जॅकवरून उतरताच चावी परत मागून घ्या.

घाटवाट

तसेच करतो. काल शंभर किलोमीटर पूर्ण झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासले. एकोणीस जागच्या जागी होते. डाव्या मागच्या लोखंडी चाकाचा एक बोल्ट जेमतेम पाव फेरा आवळला गेला. तो काढून त्याची बैठक पाहिली, गोलाकारच आहे. भोकाच्या कडेला रंगाचा जाड थर होता, तो दबला असावा. तो थर खरवडून काढला आहे आणि आणखी शंभर किलोमीटरनंतर तोच बोल्ट पुन्हा तपासणार आहे.